बस अडकली म्हणून कंट्रोलर बदलून भागत नाही

एसटीएम३२ मायक्रोकंट्रोलर (एका चिपमधला छोटा संगणक) हाताळणाऱ्या नवख्यांना एक सल्ला हमखास मिळतो: 'आय-टू-सी अडकली, बिझी फ्लॅग उतरत नाही? सीआर१ रजिस्टरमधला एसडब्ल्यूआरएसटी बिट १ करा, परत ० करा, बस रिसेट होते. शंका असेल तर डीबगरमध्ये रजिस्टरं उघडून बघा.' (आय-टू-सी म्हणजे चिपांनी एकमेकींशी बोलायची दोन तारांची बस, बिझी फ्लॅग म्हणजे ती व्यस्त असल्याची खूण, रजिस्टर म्हणजे चिपमधला सेटिंगांचा वा स्थितीचा कप्पा, आणि डीबगर म्हणजे चालू चिपमध्ये डोकावायचं साधन.)

'बस रिसेट होते' इथेच पहिली चूक आहे. हा पंधरावा बिट मायक्रोकंट्रोलरच्या आतला आय-टू-सी कंट्रोलर रिसेट करतो. बस म्हणजे बाहेरच्या दोन तारा, एसडीए (डेटाची) आणि एससीएल (क्लॉकची), आणि त्यांवर इतर चिपाही बसलेल्या असतात. एसटी घाटात बंद पडली तर स्थानकातला कंट्रोलर बदलून गाडी हलत नाही.

समजा ईईप्रॉम या मेमरी चिपमधून बाइट वाचता वाचता चौथ्या बिटाशी वॉचडॉगने (कोड अडकला की रिसेट करणाऱ्या टायमरने) मायक्रोकंट्रोलर रिसेट केला. ईईप्रॉमला याचा पत्ताच नाही. तिला ० पाठवायचा होता, म्हणून ती एसडीए खाली धरून पुढच्या क्लॉकची वाट बघते. आय-टू-सीत टाइमआउटची सक्ती नाही (ती एसएमबस या तिच्या भावंडात आहे), त्यामुळे ती तासभरही बसेल. रिसेट बटण दाबून फरक पडत नाही, पण केबल उपटली की सगळं सुरळीत, ते यामुळेच. मी स्वतः दोन दिवस कोड उसवत बसलो होतो. शेवटी मल्टिमीटर लावला, तर एसडीए शून्य व्होल्टवर!

इथे उपाय पिनांवर करायचा असतो. दोन्ही पिना ओपन-ड्रेन जीपीआयओ (तार फक्त खाली ओढणाऱ्या किंवा सोडून देणाऱ्या साध्या पिना) करा, एसडीए सोडून द्या, एससीएलवर एकेक पल्स द्या आणि दर पल्सनंतर एसडीए वर आली का पाहा. ९ पल्स पुरतात: ८ डेटाचे, नववा अ‍ॅकचा (पोचपावतीचा). त्या नवव्याला एसडीए वर दिसली की ईईप्रॉम पाठवणं थांबवते. मग स्टॉप (देवाणघेवाण संपल्याची खूण) द्या. आय-टू-सीच्या स्पेसिफिकेशनमध्ये 'बस क्लिअर' म्हणून हेच ९ पल्स दिले आहेत. एससीएलच कुणी खाली धरली असेल, तर मात्र त्या चिपची रिसेट पिन किंवा वीज बंद, एवढंच हातात उरतं.

म्हणजे एसडब्ल्यूआरएसटी बिट निरुपयोगी का? नाही. तारा मोकळ्या असूनही अ‍ॅनॉलॉग फिल्टरमुळे बिझी १ वर अडकतो, असा दोष एसटीएम३२ एफ१०३च्या एराटामध्ये (उत्पादकाच्या दोषयादीत) नोंदलेला आहे, आणि तिथे एसडब्ल्यूआरएसटी लागतोच. पण त्याआधी पिना हाताने खाली-वर करायच्या पायऱ्या आहेत. सल्ला देणारे नेमक्या त्याच गाळतात.

दुसरा मार्ग आरसीसीचा (चिपमधले क्लॉक आणि रिसेट सांभाळणारा भाग). आरसीसीतून, म्हणजे एपीबी१आरएसटीआर रजिस्टरमधल्या आय-टू-सी१च्या २१ क्रमांकाच्या बिटाने रिसेट केलं, तर तो बिट आपोआप उतरत नाही. ० करायला विसरलात की कंट्रोलर रिसेटमध्येच पडून राहतो. सीआर२, सीसीआर आणि ट्राइज ही सेटिंगांची रजिस्टरं नव्याने भरावी लागतात ते वेगळंच.

राहिला डीबगर. एसआर१ आणि त्यामागोमाग एसआर२ ही स्थिती दाखवणारी रजिस्टरं वाचली की पत्त्याचा टप्पा झाल्याची खूण असलेला अ‍ॅडर फ्लॅग पुसला जातो. ही रजिस्टरं डीबगरच्या खिडकीत उघडी ठेवलीत, तर तुमच्या नकळत ते वाचन डीबगरच करू शकतो. पेरिफेरलचा (इथे आय-टू-सी कंट्रोलरचा) क्लॉक बंद असेल तर सगळीकडे ० दिसतं, ते आणखी फसवं. त्यापेक्षा त्या पिनांच्या पोर्टचं आयडीआर रजिस्टर वाचा: पिनची खरी पातळी तिथे दिसते, आणि वाचल्याने काही पुसलं जात नाही.