हरणाला वासाने भुलवणे: एका प्रतिक्रियेला उत्तर

सप्रेम नमस्कार.

अमेरिकेतले शिकारी हरणांना बोलावण्यासाठी मादीच्या मूत्राच्या बाटल्या वापरतात, या विषयावरच्या माझ्या लेखाला आपण यावल तालुक्यातून सविस्तर प्रतिक्रिया पाठवलीत. असे लेख चोरट्या शिकाऱ्यांना धडे देतात, हा आपला पहिला आक्षेप. दुसरा असा की, रोही (नीलगायी) रात्रीतून हरभरा फस्त करत असताना शेतकऱ्याला या परदेशी माहितीचा उपयोग नाही. शेवटी आपण अहिराणीत विचारलेत, "मंग आम्हले काय फायदा?" प्रश्न रास्त आहे, म्हणून उत्तर जरा लांबले तरी चालेल असे धरून चालतो.

आधी माझी एक चूक कबूल करतो. लेखात मी रोह्याला "मोठे हरीण" म्हटले होते, ते आपण खोडून काढलेत आणि ते बरोबरच केलेत. चितळ, सांबर आणि भेकर यांच्या नरांची शिंगे गळून पुन्हा उगवतात. रोही, काळवीट आणि चिंकारा यांची शिंगे जन्मभर तीच राहतात, आणि कुळाने हे प्राणी गाय-म्हशींच्या जवळचे आहेत. हा फरक इथे महत्त्वाचा आहे, कारण ज्या बाटल्यांविषयी मी लिहिले त्या पांढऱ्या शेपटीच्या अमेरिकन हरणासाठी बनवलेल्या असतात. दुसऱ्या कुळातल्या रोह्याला त्या मूत्रात माजाची खूण सापडावी, असे मानायला काहीच आधार नाही.

आता धडे देण्याविषयी. वासाने जनावर ओढले जाते ही समजूत बाटल्या विकणारे पसरवत असतात, आणि माझ्या लेखात ती पुरेशी तपासली गेली नाही, हे मान्य. त्या अमेरिकन हरणाचा नर माजाच्या दिवसांत झुकलेल्या फांदीखालची जमीन खुराने उकरतो, मागच्या पायांच्या गुडघ्याजवळच्या ग्रंथींवरून मूत्र वाहू देऊन ती जागा भिजवतो आणि वरच्या फांदीला कपाळ व डोळ्यांजवळच्या ग्रंथी घासतो. मादीचे मूत्र सापडले की तो वरचा ओठ मुडपून मान उंचावतो; त्यामुळे ओल्या मूत्रातले जड घटक टाळूतल्या एका खास गंधेंद्रियापर्यंत पोहोचतात. म्हणजे खरी तपासणी मूत्राला तोंड लावल्यावर होते, लांबून नव्हे. शिवाय मादी माजावर असते ती जेमतेम एक दिवस, आणि शरीराबाहेर पडलेले मूत्र जिवाणूंमुळे लवकर बिघडून त्याला अमोनियाचा उग्र वास येऊ लागतो. दुकानाच्या फळीवर महिनोन्‌महिने पडून राहिलेल्या बाटलीत त्या एका दिवसाची खूण कितपत उरत असेल, याचा विचार आपणच करावा. नवखा नर कुतूहलाने येतोही; मुरलेला नर आधी वळसा घालून वाऱ्याखाली, म्हणजे वारा वास घेऊन येईल त्या बाजूला, जातो, आणि मचाणावरच्या माणसाचा वास लागला की तिथूनच परततो. म्हणून तिकडचे जाणते शिकारीही बाटलीपेक्षा वाऱ्याच्या दिशेला अधिक जपतात.

आपल्या सातपुड्यात तर हे गणित आणखी बिघडते. उत्तर अमेरिकेत दिवस लहान होत गेले की माज येतो आणि बहुतेक ठिकाणी नोव्हेंबरात तो शिगेला पोहोचतो. चितळांचे तसे नाही. त्यांच्या एकाच कळपात एका नराची शिंगे पक्की झालेली असतात, तर दुसऱ्याची अजून मखमलीत, म्हणजे वाढत्या शिंगांवरच्या लवदार कातडीत, असतात. ठरावीक पंधरवड्यावर बेतलेली युक्ती इथे कुणाच्या उपयोगी पडावी?

तरीही कुणी ती करून पाहिलीच, तर कायदा काय म्हणतो तेही सांगायला हवे होते. वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ मधल्या शिकारीच्या व्याख्येत मारण्याबरोबरच फासे लावणे, हाकारून नेणे आणि आमिष दाखवणे यांचाही समावेश आहे, तसाच या सर्वांच्या प्रयत्नाचाही. गोळी सुटलीच पाहिजे असे नाही. पूर्वी हरणे धरायच्या जाळ्याला वाघूर म्हणत. जळगाव जिल्ह्यात हा शब्द नदीचे नाव म्हणून सर्वांच्या तोंडी आहे, पण त्याचा हा अर्थ ठाऊक असलेले आता थोडेच उरले आहेत.

ज्या कारणासाठी मी मुळात तो विषय घेतला, ते लेखाच्या तळाशी गाडले गेले, आणि हा दोष माझ्या मांडणीचा आहे. हे मूत्र पिंजऱ्यातल्या हरणांपासून गोळा करतात. १९६७ मध्ये कोलोरॅडोतल्या बंदिस्त हरणांमध्ये झिजून मरण्याचा एक रोग पहिल्यांदा नजरेस आला. बिघडलेल्या प्रथिनांमुळे, म्हणजे प्रायॉनांमुळे, तो होतो. लाळ, विष्ठा आणि मूत्र यांतून ही प्रथिने बाहेर पडतात, मातीत वर्षानुवर्षे टिकतात आणि उकळूनही नष्ट होत नाहीत. बाधित जनावर बराच काळ निरोगी दिसते, पण त्या काळातही रोग पसरवत असते. एका ठिकाणचे मूत्र बाटलीतून शेकडो मैलांवरच्या जंगलात ओतणे म्हणजे काय, ते यावरून ध्यानात येईल. व्हर्जिनियाने २०१५ मध्ये नैसर्गिक मूत्राच्या आमिषांवर बंदी घातली आणि पुढे इतर काही राज्यांनीही तसेच निर्णय घेतले. २०१६ मध्ये नॉर्वेच्या रानटी रेनडियरमध्येही हा रोग सापडला. असली बाटली कुणी हौसेखातर परदेशातून मागवू नये, एवढ्यासाठी तरी हा विषय मराठीत यायला हवा होता.

राहिला आपला हरभरा. वासाने बोलावण्यापेक्षा वासाने हटवणे थोडे अधिक साधते. कुजलेल्या अंड्यांच्या द्रावणावर आधारलेली फवारणी अमेरिकेत हरणांना दूर ठेवण्यासाठी वापरतात, आणि न्हाव्याकडचे केस बांधावर टाकण्याची आपल्याकडची रीतही त्याच जातीची. पण पावसाने किंवा उन्हाने वास उडतो, काही दिवसांनी जनावर त्याला सरावते, आणि उपाशी कळप तर त्याची पर्वाच करत नाही. वास बदलत राहिल्यास थोडा वेळ मिळतो. पक्का उपाय कुंपणच. कुंपणात वीज सोडण्याचा विचार मात्र मनातही आणू नये, कारण त्यात शेजारच्या बांधावरचा माणूस जातो. नुकसान झाल्यास ताबडतोब वनविभागाला कळवून पंचनामा करून घ्यावा.

आता माझी एक विनंती. रोही अनेकदा ठरलेल्या जागीच लेंड्या टाकतात आणि तिथे ढीग साचत जातो. आपल्या बांधावर असा ढीग आहे का, आणि कळप त्याच बाजूने आत शिरतो का, हे पाहून कळवाल का? मूळ लेखातले "मोठे हरीण" हे शब्द मी आजच काढून टाकले आहेत.