दिवस पाळून काय होतं? 30 जानेवारीच्या, कुष्ठरोग निवारण दिनाच्या पोस्टवरच्या प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार दादा,

कमेंट नीट वाचली. दिवस पाळणं म्हणजे बॅनर, फोटो, भाषणं आणि दुसऱ्या दिवशी सगळं जैसे थे, त्यापेक्षा तोच पैसा दवाखान्यांना द्या, असं तुमचं म्हणणं. बऱ्याच दिनांबद्दल मी तुमच्याशी वाद घालणार नाही. पण कुष्ठरोग निवारण दिन त्या रांगेत बसवू नका, प्लीज.

कारण हा आजार दुखत नाही हो. दाढ ठणकली की माणूस रात्री अकराला पण डॉक्टर शोधतो, इथे अंगावर फिकट नाहीतर लालसर चट्टा उठतो, खाजत नाही, दुखत नाही, उलट तिथलं कळणंच कमी होतं, मग कोण कशाला दवाखान्यात जाईल? त्यात जंतू अंगात शिरल्यापासून लक्षणं दिसायला सरासरी 5 वर्षं लागतात, कधी 20 सुद्धा. गोळ्या सरकारी दवाखान्यात फुकट मिळतात, 6 नाहीतर 12 महिने घ्यायच्या, आजार पूर्ण बरा होतो. पण उशीर होऊन नसा गेल्या की बोटं वाकडी होतात, पाऊल लुळं पडतं, डोळा मिटत नाही, आणि ते गोळ्यांनी भरून येत नाही. दवाखान्याला कितीही पैसा द्या, पेशंट तिथे पोचायला तर हवा ना.

2005 अखेर देशात दर 10,000 माणसांमागे 1 पेक्षा कमी पेशंट उरले आणि लोकांना वाटलं संपला आजार. आजही जगातले निम्म्याहून जास्त नवे पेशंट आपल्याच देशात सापडतात.

2017 पासून 30 जानेवारीच्या ग्रामसभेत कलेक्टरांचं आवाहन वाचतात, शपथ होते, शाळेतली एखादी मुलगी मोहिमेतलं 'सपना' हे पात्र बनून माहिती सांगते. तुम्हाला ही फॉर्मॅलिटी वाटते. पण चट्टा लपवणाऱ्या माणसाच्या देखत सगळं गाव म्हणतं की पेशंटला वेगळं पाडणार नाही, ही लहान गोष्ट नाही. अहो, 2019 पर्यंत या आजारावरून घटस्फोट मागता येत होता! आणि मग आशाताई दारात आली की तिला विषय काढायला तोंड असतं. डोळे मिटायला सांगून ती पेनाचं टोक हलकेच टेकवते, कुठे लागलं ते बोटाने दाखवा म्हणते. चट्ट्यावर टेकवलं तर बोट हलतच नाही.

तारीखही उगाच नाही. येरवड्याच्या तुरुंगातले गांधीजींचे सोबती परचुरे शास्त्री 1939 मध्ये हा आजार घेऊन सेवाग्रामला आले, तेव्हा बापूंनी त्यांना आपल्या कुटीजवळ ठेवून घेतलं, जखमा धुणं, मालिश स्वतःच्या हाताने केलं. म्हणून बापूंच्या स्मृतिदिनीच हा दिवस.

टीका जरूर करा, पण ग्रामसभेत बसून करा. गेल्या वर्षी किती घरं तपासली, संशयित किती निघाले, गोळ्या मध्येच कोणी सोडल्या का, हे उभं राहून विचारा. आणि घरी एकमेकांची पाठ बघा, ती आपली आपल्याला दिसत नाही.