सत्तावीस नंबर

रजेच्या अर्जावर कारण म्हणून ‘यात्रा’ लिहिलं, तर साहेब म्हणाले, “जोतिबाची चैत्रात असते की हो. आत्ता नोव्हेंबरात कुठली काढली?” मी ‘यरुशलेम’ म्हटल्यावर त्यांनी चष्मा काढून पुसला, पुन्हा लावला आणि सही केली.

यात्रेची हौस आईची. पवित्र भूमी बघितल्याशिवाय डोळे मिटायची नाही, हे ती वीस वर्षं ऐकवत होती. २०१९ साली आमच्या चर्चच्या मंडळीचा ग्रुप निघाला, तेव्हा तिनं पाळकसाहेबांकडं दोघांचे पैसे भरले आणि मग मला विचारलं. तिचं वय ७१, माझं ४५. म्हातारीला सांभाळायला कोणीतरी हवं, म्हणून मी.

एकूण ३८ माणसं. प्रत्येकाला पिवळी टोपी आणि एक नंबर. आई सव्वीस, मी सत्तावीस. पाळकसाहेब ओरडले की आपण ओळीनं नंबर पुकारायचा. कोल्हापूर स्टेशनवर महालक्ष्मी एक्स्प्रेससमोर आम्ही पहिल्यांदा नंबर पुकारले, तेव्हा एक हमाल म्हणाला, “शाहू स्टेडियमवर मॅच हाय काय?”

आईच्या बॅगेत भडंग, शेंगदाण्याची चटणी आणि दोन किलो कांदा-लसूण चटणी, तीन पिशव्यांत एकात एक बांधलेली. परमुलखात अळणी खाऊन भक्ती होत नाही, असं तिचं म्हणणं.

मुंबईहून अम्मान, तिथून नबो पर्वत. बायबलातल्या मोशेनं चाळीस वर्षं रान तुडवलं आणि शेवटी याच डोंगरावरून त्याला वचनदत्त देश नुसता लांबून दाखवण्यात आला. आत काही सोडलं नाही. हे मला लहानपणापासून फार अन्यायाचं वाटायचं. दुसऱ्या दिवशी इस्रायलच्या सीमेवर तीन तास रांगेत उभं राहिल्यावर वाटलं, सुटला बिचारा. तरी त्याच्याजवळ चटणी नव्हती.

आमच्याजवळ होती. यंत्रात तो लालभडक गोळा दिसल्याबरोबर बॅग बाजूला काढली गेली. विशीतली एक पोरगी, खांद्याला बंदूक, तिनं पहिली पिशवी सोडली, दुसरी सोडली, तिसरी सोडली आणि नाक आत घातलं. पुढची दोन मिनिटं सीमेवरचा कारभार थांबला. तिला शिंका आवरेनात, डोळ्यांतून पाणी. आई पुढं झाली, आपल्या पदरानं तिचे डोळे पुसले आणि मराठीतच म्हणाली, “वास घ्यायचा नसतो बाळ, भाकरीला लावायची असती.” मी मनातल्या मनात कोठडीतल्या जेवणाचा विचार करत होतो. पोरगी मात्र हसली आणि तिनं हातानंच ‘जा’ म्हणून सांगितलं.

मग गालीलचा समुद्र. त्याला गोड पाण्याचं तळं म्हणायला हरकत नाही. लांबी २१ किलोमीटर, आणि पाणी समुद्रसपाटीच्याही दोनशे मीटर खाली. होडीत सगळ्यांचे डोळे भरून आले, माझेही. पण दुपारी हॉटेलात ‘पेत्राचा मासा’ ताटात आला. प्रभूनं आपल्या शिष्याला, पेत्राला, गळ टाकायला सांगितला, माशाच्या तोंडात नाणं निघालं आणि त्यातून मंदिराची पट्टी भरली, ती गोष्ट. अख्खा तळलेला मासा, डोक्यासकट, शेजारी बटाट्याचे फिंगर चिप्स. मी लिंबू पिळलं, एक घास घेतला आणि थांबलो. आईही थांबली होती.

“चिलापी,” ती म्हणाली.

चिलापीच होती. आपल्या बाजारात जिच्याकडं पाहुणे आले की आपण बघतसुद्धा नाही, तीच. तोंड उघडून बघितलं, नाणं नव्हतं. ते आमच्याच खिशातून गेलं, डॉलरमध्ये. आईनं पर्समधून चटणीची पुडी काढली आणि मग अख्ख्या टेबलाला पेत्राचा मासा एकदम गोड लागायला लागला.

बेथलेहेमच्या चर्चला जेमतेम सव्वा मीटर उंचीचं दार आहे. वाकल्याशिवाय आत जाता येत नाही. आई वाकली. मी टोपी सावरत होतो. आवाज बराच मोठा झाला.

यरुशलेमात पवित्र कबरेच्या चर्चवर, वरच्या खिडकीखाली एक लाकडी शिडी टेकवलेली आहे. अठराव्या शतकापासून ती तिथंच आहे म्हणे. चर्च सहा पंथांत वाटलेलं, आणि सगळ्यांची संमती असल्याशिवाय कोणी काही हलवायचं नाही, म्हणून शिडी तशीच. दाराची किल्लीही शेकडो वर्षं एका मुसलमान घराण्याकडं. गाइडला वाटलं, आम्ही थक्क होऊ. पण आमच्या मंडळीत पंख्याचा रेग्युलेटर कोणी फिरवायचा, हा विषय तीन वार्षिक सभांत झालेला आहे. ३८ माणसांनी नुसती समजून मान हलवली.

शेवटच्या दिवशी यार्देन. प्रभूचा बाप्तिस्मा झाला ती नदी. लहानपणापासून गाण्यांत ऐकलेली, माझ्या डोक्यात निदान कृष्णेएवढी. बघतो तर गढूळ पाण्याचा ओढा. पलीकडच्या काठावर जॉर्डन देश, तिकडची माणसंही पांढरे झगे घालून पाण्यात उतरलेली, त्यांच्या कपाळावरच्या आठ्या मोजता येतील एवढ्या जवळ. म्हणजे जी सीमा ओलांडायला आम्ही तीन तास घातले, ती इथं दोन ढांगांत पार झाली असती.

“आई,” मी म्हटलं, “याच्यापेक्षा आपली पंचगंगा काय वाईट आहे?”

मी हे बोलायला नको होतं.

“नामान,” आई म्हणाली. “अगदी तस्सं बोललास. आमच्या दिमिष्कच्या नद्या काय वाईट आहेत म्हणून फुगून बसला होता तो सरदार. अंगावर कोड, आणि तोरा बघा. शेवटी याच यार्देनेत बुडून बरा झाला. उतर पाण्यात.”

उतरलो. पाणी गार, पायाखाली चिखल. एक डुबकी मारून काठाकडं वळलो.

“किती झाल्या?”

“एक.”

“नामान किती वेळा बुडाला?”

रविवारच्या शाळेत याच प्रश्नाला मला बक्षीस मिळालं होतं. ते तिच्या ट्रंकेत अजून आहे. “सात,” मी म्हटलं.

तिसऱ्या डुबकीला नाकात पाणी गेलं. पाचव्याला पलीकडच्या देशातली माणसं थांबून बघायला लागली. सहाव्यातून वर आलो तर बसचा हॉर्न वाजत होता आणि पाळकसाहेब काठावर हातात यादी घेऊन ओरडत होते, “सव्वीस आहेत. सत्तावीस? सत्तावीस नंबर कुठंय?”

“पाण्यात आहे,” आईनं सांगितलं. “एक राहिलीय त्याची.”