कॅम्पस 'इकोलॉजिकल' करायचाय, पण किडा नको

तर सगळ्यात आधी अभिनंदन. मीटिंगमध्ये बाकीचे मोबाईलमध्ये तोंड घालून बसलेले असताना तुम्ही एकट्याने मान वर केलीत आणि कंपनीच्या कॅम्पसचं 'सस्टेनेबल लँडस्केप', म्हणजे निसर्गाला धरून झाडं-बाग करायचं काम, तुमच्या गळ्यात पडलं. घाबरू नका. मी बरीच वर्षं असल्या कॅम्पसचे प्लँटिंग प्लॅन काढतोय, आणि ते प्लॅन शेवटी कुठल्या थराला जातात तेही बघतोय, त्यामुळे अनुभवाचे चार बोल फुकटात सांगून टाकतो.

पहिलं म्हणजे जागेवर आत्ता जे काही आहे ते साफ करून घ्या. वीसेक जुनी झाडं असतील, खाली झुडपं, एखादा पाणी साचणारा खोलगा, दोन-चार वारुळं. याला इकोलॉजी म्हणत नाहीत, याला 'अनडेव्हलप्ड' म्हणतात. पोकलेन लावा, वरचा फूटभर मातीचा थर खरवडून ट्रकने बाहेर घालवा (बुरशी, गांडुळं, बिया, शेकडो वर्षांत जे काय जमलं असेल ते त्याच्यासोबत जातं, कटकट मिटली), मग तिथे दीड वर्ष काँक्रीटचे मिक्सर फिरू द्या म्हणजे जमीन अशी दाबून बसते की पहारीलाही दाद देत नाही. आता बाहेरून माती विकत आणा, चार इंच पसरा आणि निसर्ग सुरू करा. झाडं मग वर्षभरात का सुकतात असं कुणी विचारलं तर 'व्हेंडर बदलू' म्हणायचं.

मग लॉन. लॉनला हात लावायचा नाही, ती परंपरा आहे. दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेतल्या मोठ्या कंपन्या शहराबाहेर पडल्या आणि हेडऑफिसभोवती त्यांनी इंग्लिश जमीनदाराच्या इस्टेटीसारखं गवत अंथरलं, तेव्हापासूनची. इलिनॉयमधल्या मोलीनला डिअर अँड कंपनीचं मुख्यालय १९६४ साली उघडलं, इमारत एरो सारिनेनची, तळी आणि झाडांची आखणी हिदेओ सासाकींच्या ऑफिसची, आणि खोटं कशाला बोलू, देखणंच आहे ते. पण त्याच कंपनीने १९६३ साली घरच्या लॉनसाठी छोटा ट्रॅक्टर बाजारात आणला होता. म्हणजे त्यांचा गवत कापण्यात निदान धंदा तरी होता. तुमचा सॉफ्टवेअरचा आहे ना?

असू दे. २००५ मधल्या एका अभ्यासात सॅटेलाइटच्या मदतीने मोजणी झाली, तर अमेरिकेत लॉन निघालं जवळपास १,६३,००० चौरस किलोमीटर, तिथल्या सिंचनाखालच्या मक्याच्या तिप्पट. पीक म्हणावं तर खाता येत नाही, चारा म्हणावं तर गाय आत सोडत नाहीत. नेवाडा राज्याने तर २०२१ मध्ये कायदाच केला की २०२७ पासून 'निरुपयोगी' हिरवळीला कोलोरॅडो नदीचं पाणी घालायचं नाही, २०२३ मध्ये कॅलिफोर्नियानेही ऑफिसं, कारखाने असल्या ठिकाणच्या शोभेच्या हिरवळीला पिण्याचं पाणी टप्प्याटप्प्याने बंद करायचं ठरवलं. आता निरुपयोगी ओळखायची कशी, तर ज्या गवतावर फक्त ते कापणाराच पाय ठेवतो ती. तुमच्याकडे 'कृपया हिरवळीवर चालू नये' अशी पाटी असेलच, म्हणजे तुम्ही तर लिहूनच दिलंय. पाण्यावरून फारच कुणी बोललं तर प्लास्टिकचं गवत टाकून मोकळे व्हा. भर उन्हात ते ६० अंशांच्या वर तापतं, पण तिथे चालायचं कुणाला होतं.

आता मियावाकी जंगल. हे हवंच, त्याशिवाय ईएसजी रिपोर्टच्या (कंपनी पर्यावरणाची आणि समाजाची किती काळजी घेते ते सांगणारी पुस्तिका) कव्हरवर काय टाकणार? अकिरा मियावाकी हे जपानी वनस्पतिशास्त्रज्ञ, १९२८ ते २०२१. माणसाने हात लावला नसता तर या जागी आपोआप कुठलं रान उभं राहिलं असतं हे ते आधी शोधायचे, त्यासाठी जुन्या देवळांभोवती राखलेली रानं हिंडून बघायचे, आपल्या देवराया असतात तशी. मग माती भुसभुशीत करायची, चौरस मीटरला तीनेक रोपं मिसळून लावायची, पेंढ्याचं आच्छादन घालायचं आणि दोन-तीन वर्षं तण काढत बसायचं. १९७० च्या दशकात त्यांनी हे पहिल्यांदा मोठ्या प्रमाणावर केलं ते निप्पॉन स्टीलच्या पोलाद कारखान्यांभोवती, म्हणजे ही गोष्ट तशी कॉर्पोरेट कॅम्पसचीच. पण तुम्ही एवढं सगळं घेऊ नका. त्यातलं 'दाट लावा' तेवढं घ्या. कुठलं झाड हे नर्सरीवाल्याला ठरवू दे, त्याच्याकडे जे जास्त पडून असेल ते तुमचं स्थानिक. आणि ती जागा मुळात गवताळ माळ असेल, जिथे जमिनीवर घरटी करणारे पक्षी राहतात, झाड नसणं हीच जिथली इकोलॉजी, तर तिथे तर हमखास जंगल लावा. माळ म्हणजे रिकामी जागा, हे आपल्याला शाळेपासून ठाऊक आहे.

लावायच्या दिवशी खड्डे आधी खणून ठेवा, झाऱ्या भरून ठेवा, फावड्याला रिबन. साहेबांच्या नावाची पाटी रोपाहून उंच हवी, म्हणजे रोप गेलं तरी सावली मिळते. इकॉलॉजिस्टला त्या दिवशी बोलवा हां, फोटोत चांगला दिसतो. एरवी तो उंबराचं फूल, प्रेझेंटेशनला दिसला तर दिसला.

(उंबराचं निघालंच म्हणून. उंबराची फुलं असतात, फळाच्या आत असतात, आणि त्यांचं परागीभवन करायला त्या जातीची स्वतःची एक बारकी गांधीलमाशी लागते, प्रत्येक अंजीरवर्गीय झाडाचं साधारण असंच. एका कॅम्पसवर मी गेटपाशी उंबर सुचवला होता. उत्तर आलं, 'फळं पडतात, पक्षी येतात, घाण होते.' तिथे आता पाम आहेत. सावली टेलिफोनच्या खांबाएवढी, पण ओळीत उभे राहतात.)

फुलपाखरू उद्यानाचं मात्र नीट ऐका, कारण इथेच लोक चुकतात. फुलपाखरू पाहिजे, अळी नको, हे ब्रीफमध्ये ठळक लिहा. मला एकदा असंच ब्रीफ होतं. मी कोपऱ्यात रुई लावली, कारण प्लेन टायगर फुलपाखरू अंडी घालतं ते रुईवर आणि तिच्या भाऊबंदांवर, फुलातला रस बाकी कुठेही पितं पण पोरांचं जेवण इथेच. पहिल्या पावसानंतर अळ्या आल्या. अळी काय देखणी असते, काळे-पांढरे पट्टे, मध्ये पिवळे ठिपके, पाठीवर काळ्या शिंगांच्या तीन जोड्या. ती आधी पानाची शीर कुरतडते, चीक वाहून जाऊ देते, मग निवांत खाते, आणि तरी जो काही विषारी अंश पोटात जातो तो साठवून ठेवते, म्हणजे पक्ष्याने एकदा चोच मारली की तो पुन्हा वाटेला जात नाही. मी तिथे उकिडवा बसून बघत होतो. तेवढ्यात फॅसिलिटीचे साहेब आले.

'सर, हे काय?'

'अळी आहे. फुलपाखराची.'

'पण पानं खातीये.'

'हो, मग... त्याच्यासाठीच लावलंय ना झाड.'

त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की मी जणू ऑफिसात उंदीर सोडलेत आणि वर त्यांच्या जेवणाची सोय मागतोय. दुसऱ्या दिवशी पाठीवर पंप घेऊन माणूस हजर. आठवड्याने रुईही गेली, 'वीड' म्हणून. त्या जागी नर्सरीतली दुहेरी पाकळ्यांची फुलं आली, ज्यात पाकळ्याच एवढ्या की रस बहुतेक नसतोच, आणि मागच्या भिंतीवर पत्र्याची सहा मोठी फुलपाखरं बसवली. ती टिकतात. पॉवडर कोटेड आहेत. तुम्ही थेट पत्र्यापासूनच सुरुवात करा, मधला खर्च वाचेल.

मधमाश्यांचंही तसंच. टेरेसवर दोन पेट्या ठेवा, लोगोवाल्या बाटलीत मध भरून दिवाळखोर नसलेल्या क्लायंटना वाटा आणि 'आम्ही मधमाश्या वाचवतो' लिहा. जगात मधमाश्यांच्या २०,००० हून जास्त जाती आहेत, बहुतेक एकट्या राहतात, पोळं नाही, राणी नाही, मध तर नाहीच, आणि त्यातल्या साधारण ७० टक्के जमिनीत बीळ करून अंडी घालतात. त्यांना लागते ऊन येणारी उघडी जमीन. तुम्ही तिथे पेव्हर ब्लॉक बसवलेत, उरलेल्या जागेत काळं प्लास्टिक अंथरून वर पांढरे गोटे. फुलं मुळात मोजकी, त्यात पंगतीला पन्नास हजार पाहुणे आणून बसवलेत, रानमाश्यांच्या पानात काय पडणार? पण त्यांना लोगो लावता येत नाही हा त्यांचाच दोष.

पावसाच्या पाण्याचा एक मुद्दा कुणीतरी काढेल. उताराला उथळ खोलगट चर काढू, त्यात पाणवठ्याकाठची झुडपं लावू, पार्किंगचं पाणी तिथे मुरेल वगैरे. लगेच म्हणायचं, 'डास होतील.' नीट केलेल्या चरात पाणी एक-दोन दिवसांत मुरतं आणि डासाला अंड्यापासून उडेपर्यंत आठवडाभर तरी लागतो, हे गणित कुणी मांडायला लागलं तर चहा आलाय म्हणून सांगा. त्यापेक्षा रिसेप्शनसमोर कारंजं करा. पहिल्या वर्षी चालतं, मग मोटर बिघडते, मग निळ्या टाइल्सवर हिरवं पाणी महिनोन् महिने उभं राहतं. त्यात डास होतात, पण ते आर्किटेक्टने डिझाइन केलेले डास.

इमारत काचेची घ्या. काचेत बाहेरचं झाड दिसतं, पक्ष्याला वाटतं तेच झाड, तो तिकडे निघतो. २०१४ मधल्या एका अभ्यासाचा अंदाज आहे की एकट्या अमेरिकेत दर वर्षी ३६.५ कोटी ते ९८.८ कोटी पक्षी इमारतींवर आपटून मरतात. काचेच्या बाहेरून दोन-दोन इंचांवर ठिपके काढले की हे बरंच थांबतं, पण ठिपके साहेबांच्या व्ह्यूमध्ये येतात, तेव्हा एका खिडकीवर ससाण्याचा एक स्टिकर लावा. काही उपयोग होत नाही त्याचा. स्टिकर मात्र छान दिसतो. आणि झाडांना खालून पांढरे झगझगीत दिवे मारायला विसरू नका, रात्री झाडाने झोपावं हे आपल्या कल्चरमध्ये बसत नाही.

राहिला पालापाचोळा. हा खरा शत्रू. सकाळी आठला ब्लोअर सुरू व्हायला पाहिजे, ताशी दोनशे किलोमीटरच्या पुढचा वारा, पेट्रोलचा वास, कॉन्फरन्स कॉलवर सगळ्यांना ऐकू जाणारा. पानांखाली काय असतं, गोम, वाणी, कोळी, काजव्याच्या अळ्या. काजव्याचं आयुष्य बहुतेक सगळं अळी म्हणूनच, ओल्या मातीत आणि पाचोळ्यात गोगलगायी खात, कधीकधी दोन वर्षं, आणि चमकणं शेवटी काही दिवस. ती पानं काळ्या पिशव्यांत भरून बाहेर पाठवा, आणि मग जमीन कडक झाली म्हणून खताच्या गोण्या मागवा. ती पानं गेटातून बाहेर जाताना आणि खत आत येताना सिक्युरिटीच्या एकाच रजिस्टरमध्ये नोंद होते, मी बघितलंय, वरखाली.

एक शेवटचं काम राहील, रिपोर्टचं. २०२२ मध्ये माँट्रियलला जैवविविधतेचा जो जागतिक करार झाला त्यात मोठ्या कंपन्यांनी निसर्गावरचा आपला परिणाम जाहीर करावा असं एक उद्दिष्ट आहे, त्यामुळे तुम्हाला दोन-चार पानं आणि निदान एक खरा फोटो लागणारच. आता लॉनवर काही मिळणार नाही, मियावाकीत अजून पाट्याच आहेत. तेव्हा एसटीपीच्या, म्हणजे सांडपाणी शुद्ध करायच्या टाक्यांच्या, मागे जा. तिथे ब्लोअर पोचत नाही म्हणून माळीकाका पाचोळा ढकलून देतात, टाकीच्या ओव्हरफ्लोचं पाणी झिरपतं, आणि कुणी न लावता रुई उगवलीये, शेजारी एक उंबराचं रोपटंही, बहुधा एखाद्या पक्ष्याची कृपा. मी गेल्या खेपेला गेलो तेव्हा काका पानाची मागची बाजू वळवून दाखवत होते, 'हे बघा साहेब, कोष लटकलाय, अजून दोन दिवसांनी या.' आणि मग हळूच, 'वर सांगू नका हां.'

फोटो तिथेच काढा, उजेड सकाळी नऊला चांगला असतो. त्या जागेवर टू-व्हीलर पार्किंगचं मार्किंग झालंय, तेव्हा या महिन्यातच उरकून घ्या. कॅप्शनमध्ये 'सेंट्रल लॉन' लिहा.