शंभर वजा मंद्या

विम्यावरचा जीएसटी गेला त्या सप्टेंबरपासून मंद्या आवरेनासा झालाय. रविवारी कट्ट्यावर आला तोच मुळी फोन पुढे धरून. फोनात गुंतवणुकीची एक्सेल शीट, शीटमध्ये वयानुसार रंग. विशी हिरवी, चाळिशी नारिंगी, साठीपुढचे सगळे राखाडी.

"राखाडी का रे? पुढच्या सोयीचा विचार करून?" शैला म्हणाली.

मंद्याने ऐकलं नाही. तो ऐकत नाहीच. "शंभरातून आपलं वय वजा करायचं. आपण अठ्ठेचाळीस. म्हणजे बावन्न टक्के इक्विटी, म्हणजे शेअर्स, उरलेलं डेटमध्ये, म्हणजे ठेवी-बाँड. तिशीत टर्म इन्शुरन्स, चाळिशीत मुलांचं कॉर्पस, पन्नाशीत स्वतःचं कॉर्पस..."

हा 'पैसे' म्हणत नाही, कॉर्पस म्हणतो. शाळेत असताना माझ्याकडून वडापावला घेतलेलं कॉर्पस अजून परत आलेलं नाही, ते असो.

सत्या तेवढ्यात आला. बाप अँजिओप्लास्टी होऊन बुधवारी घरी आलेला, त्यामुळे चेहरा उतरलेला. शीटकडे बघत त्याने विचारलं, "मी कुठल्या रंगात?"

"नारिंगी."

"आणि बाबा?"

"राखाडी. पण त्यांचं प्लॅनिंग वेगळं धरायचं."

"बिल तर माझ्याच नावावर फाडलं हॉस्पिटलने."

मग शैला सुटली. बावीस वर्षं पतसंस्थेच्या काउंटरवर काढलेली बाई. आवाज काचेच्या पलीकडे पोचवायची सवय. "मंद्या, तुझी शीट एकट्या माणसाची आहे. सत्याच्या घरात अकरा, सतरा, अठ्ठेचाळीस आणि अठ्ठ्याहत्तर अशी सगळी वयं एका पगारावर राहतात. बायकोचं सोडून बेरीज एकशे चोपन्न. कर शंभरातून वजा."

मंद्या खरंच आकडे मारायला लागला, हे सांगितलं पाहिजे.

शैला तोवर सत्याकडे वळली होती. "बाबांचं आयुष्मान कार्ड काढलंस?"

"आपल्याला कुठे मिळतंय? आपण काय पिवळं रेशनकार्डवाले आहोत?"

"सत्तरीपुढे उत्पन्न विचारत नाहीत रे. ऑक्टोबर २०२४ पासून आहे. वर्षाला पाच लाखांपर्यंतचे उपचार फुकट. यादीतल्या हॉस्पिटलातच चालतं, पण चालतं. आधार घेऊन जा उद्या." सत्या गप्प बसला. मीही बसलो, माझी आई बहात्तरची आहे आणि मीही काढलेलं नाही.

बंड्या इतका वेळ चहात बिस्कीट बुडवत होता. एकेकाळी त्याने अख्ख्या वर्गाला पॉलिस्या विकल्या. माझ्या लग्नाच्या वर्षी, २००३ मध्ये, मलाही. वर्षाला बारा हजार, वीस वर्षं. हातात आले चार लाख वीस हजार, म्हणजे जेमतेम पाच टक्के. आणि मधल्या काळात मी मेलो असतो तर बायकोला अडीच लाख अधिक बोनस. माझी ती किंमत बंड्याने हसत हसत फॉर्मवर लिहिली होती.

हे मी दर रविवारी काढतो. या रविवारीही काढलं.

"पोराच्या इंजिनीअरिंगची फी कशातून भरलीस?" बंड्याने शांतपणे विचारलं. "ते बारा हजार तुझ्याकडे राहिले असते का? दर मार्चला टॅक्सच्या भीतीने तू माझ्या दारात यायचास, म्हणून साठले. आता नव्या टॅक्स रेजीममध्ये नोकरदाराला पावणेतेरा लाखांपर्यंत टॅक्सच नाही. गुंतवणुकीवरची ८०सीची सूट विचारतो कोण?"

"पाच टक्के, बंड्या! महागाई धरली तर शून्य," मंद्या ओरडला.

"पण होते ना?"

बंड्याला मोठं करायची माझी इच्छा नाही. पण माझ्या पोराला यंदा नोकरी लागली, आणि मी पीपीएफ उघड म्हटल्यावर तो म्हणाला, "बाबा, टॅक्स लागत नाही तर पंधरा वर्षं पैसे अडकवू कशाला? ७.१ टक्क्यांसाठी?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. मी स्वतः पीपीएफ उघडलं तेव्हा व्याजाचा दर बघितलाच नव्हता. ऑफिसच्या अकाउंटंटने पुरावे मागितले म्हणून धावत जाऊन पैसे भरले होते. पोराने पहिल्या दोन पगारांत फोन घेतला.

"अडकवायला हवेतच," शैला म्हणाली. "पण नुसतं साठवूनही भागत नाही. गेल्या महिन्यात एक बाई आली. पिशवीत नवऱ्याच्या ठेवीच्या पावत्या, रबर लावून. नॉमिनी सासू. सासूला जाऊन नऊ वर्षं. लग्नाआधी ठेव ठेवली, पुढे नुसती रिन्यू करत गेला. आता बाई वारस दाखल्यासाठी कोर्टाच्या चकरा मारतेय."

"नॉमिनी म्हणजे मालक नव्हे," मंद्याने लगेच शिकवलं. "तो फक्त पैसे ताब्यात घेतो, हक्क वारसांचाच. आणि बँकेत आता चार नॉमिनी लावता येतात."

"हो का? तुझ्या शेअर्सच्या डिमॅट खात्याला कोण आहे?"

"स्मिता. बायकोच, अर्थात."

"दाखव."

मंद्याने ऐटीत ॲप उघडलं. मी शेजारीच होतो, म्हणून मला आधी दिसलं. नॉमिनी: एक. नातं: भाऊ. टक्के: शंभर.

म्हणजे दादा. गावच्या घराच्या वाटणीपासून ज्याच्याशी हा सहा वर्षं बोलत नाही, तो. बावन्न टक्के इक्विटी, सगळी दादाच्या ताब्यात.

"शंभर वजा काही नाही," सत्या म्हणाला. आठवड्यात पहिल्यांदा हसला असेल.

"अकाउंट लग्नाआधीचं आहे," मंद्या पुटपुटला. "आत्ता बदलतो. दोन मिनिटांचं काम." टकटक केलं. थांबला. पुन्हा टकटक केलं. "ओटीपी येईना."

"नंबर कुठला आहे त्यात?"

"जुना. शेवटी सदुसष्ट." आणि मंद्याचा चेहरा पडला. "ते सिम मी... दादाला दिलं होतं."

शैला कट्ट्यावरून खाली उतरली, बसून हसणं जमेना म्हणून.

बंड्याने चहाचा कप खाली ठेवला. "लाव फोन. म्हणावं, दादा, ओटीपी आलाय तो वाच जरा, तुझं नाव काढायचंय. मी बोलू का? कमिशन नको मला."