टाकाऊतून टिकाऊ, आणि त्यावर लटकलेला मी

'टाकाऊतून टिकाऊ' हे ब्रीद फुलदाणीपुरते मर्यादित असते, तोवर त्यात कोणाच्या जिवाला धोका नसतो. बाटलीची फुलदाणी फुटली तर पाणी सांडते. जुन्या कपड्यांचे पायपुसणे उसवले तर पाय ओले राहतात. मोटारीच्या जुन्या सीटबेल्टचा हार्नेस, म्हणजे उंचावर लटकताना कंबर-मांड्यांना बांधायचा पट्ट्यांचा साज, उसवला, तर पुढे काय झाले हे सांगण्याचे काम बहुधा दुसऱ्या कोणाला तरी करावे लागते. तरीही छपरावर झुकलेली वाळकी फांदी मी स्वतः झाडावर चढून उतरवणार आणि चढण्याचे सामानही माळ्यावरच्या अडगळीतून स्वतःच बनवणार, असे मी भर जेवणात जाहीर करून टाकले. "अहो, मग विमाही अडगळीतलाच काढा," एवढेच बायको म्हणाली.

सीटबेल्टची निवड मी विचारपूर्वक केली होती. हा पट्टा पॉलिएस्टरचा, सुमारे पाच सेंटिमीटर रुंद आणि घट्ट विणीचा असतो, आणि नवा असताना तो दीड टनाहून अधिक ओढ सहन करतो. माझे वजन कितीही उदारपणे धरले तरी त्या आकड्याच्या आसपास जात नाही. अडचण निघाली ती 'नवा असताना' या दोन शब्दांत. मोटार भंगारात जाते ती एक तर वार्धक्याने किंवा अपघाताने. वार्धक्याने गेलेल्या मोटारीचा पट्टा वर्षानुवर्षे उन्हात विटलेला असतो, आणि अपघाताने गेलेल्या मोटारीचा पट्टा एकदा जबर ताण खाऊन बसलेला असतो, म्हणूनच तो पुन्हा वापरायचा नसतो. ऐन तारुण्यात, निष्कलंक अवस्थेत, केवळ माझ्या सोयीसाठी भंगारात आलेली मोटार मला कोठेही आढळली नाही.

शिवाय पट्टा कितीही बळकट असला, तरी त्याचा हार्नेस होतो तो टाक्यांमुळे. मोटारीतला पट्टा जेथे दुमडून शिवलेला असतो ती जागा निरखून पाहावी: जाड चकचकीत दोरा आणि एकमेकांना खेटून गेलेल्या, मोजण्याच्या पलीकडच्या नागमोडी ओळी. आमच्या घरच्या शिलाई यंत्राने पट्ट्याच्या दुसऱ्याच थराला सुई मोडली. मग मी दाभण आणि जाड दोरा घेऊन हातानेच टाके घातले. ते दिसायला इतके करारी होते, की पाहणाऱ्याला पट्ट्याऐवजी त्यांचाच आधार वाटावा.

दोराच्या बाबतीत अडगळीने मला भरपूर पर्याय दिले. त्यांपैकी एकावरही तो कशाचा आहे हे लिहिलेले नव्हते. अशा वेळी पाण्याची बादली उपयोगी पडते. दोराचा तुकडा पाण्यात टाकून चांगला भिजवावा. तरंगत राहिला तर तो पॉलिप्रॉपिलीनचा किंवा पॉलिथिलीनचा, बुडाला तर नायलॉनचा किंवा पॉलिएस्टरचा असण्याचा संभव अधिक. माझे बहुतेक दोर बदकांच्या सहजतेने तरंगले. पॉलिप्रॉपिलीन उन्हात लवकर ठिसूळ होते आणि साधारण 160 अंश सेल्सिअसला वितळते, त्यामुळे जेथे गाठ दोरावर घासत सरकते तेथे त्याला दुरून नमस्कार करावा. जो एकच दोर अभिमानाने बुडाला, तो मोटारीच्या जुन्या बॅटरीखाली वेटोळे करून पडलेला होता. नायलॉन आम्लाने आतून खराब होतो आणि ते वरून दिसेलच असे नाही. उरलेल्या दोरांचा इतिहास तर मला ठाऊकच नव्हता. दोराला गाठ मारली की त्याची ताकद गाठीच्या प्रकारानुसार वीस ते चाळीस टक्क्यांनी घटते, हे मी वहीत टिपून ठेवले. पण मूळ ताकदीच्या रकान्यात प्रश्नचिन्ह असल्यामुळे त्यातून काय वजा करायचे हे काही उमगले नाही.

कॅराबिनर, म्हणजे दोर आणि हार्नेस जोडणारी उघडझाप करणारी धातूची कडी, मात्र मला तयारच सापडला. तो किल्ल्यांच्या जुडग्याला होता आणि 'चढाईसाठी नव्हे' असे त्याच्यावरच कोरलेले होते. सबंध अडगळीत स्वतःविषयी खरे बोलणारी ती एकमेव वस्तू होती. चढाईच्या कॅराबिनरवर त्याची ताकद किलोन्यूटनमध्ये लिहिलेली असते, आणि एक किलोन्यूटन म्हणजे साधारण 102 किलोचा भार. मी निश्चल लटकलो तर तेवढाही भरत नाही. पण हात सुटून मीटरभर खाली आलो आणि दोर न ताणणारा असला, तर बसणारा झटका वजनाच्या कित्येक पट होतो. म्हणून झाडावर दोरात ढील ठेवायची नसते. पाच मीटरवरून पडायला सुमारे एक सेकंद लागतो आणि माणूस तासाला 36 किलोमीटरच्या वेगाने जमिनीला भेटतो. एवढ्या वेळात 'अगं' यापुढे संवाद सरकत नाही.

माझी कारागिरी खऱ्या अर्थाने फळली ती फेकायच्या थैलीत. उंच फांदीवरून दोर न्यायचा तर आधी बारीक दोरी बांधलेली, तीनचारशे ग्रॅमची थैली फांदीच्या बेचक्यातून फेकतात आणि मग त्या दोरीने जाड दोर ओढून घेतात. मी जुन्या मोज्यात वाळू भरली. मोजा जुना का झालेला असतो याचे उत्तर अंगठ्याच्या जागी असते, त्यामुळे पहिल्या फेकीत थैली जसजशी वर गेली तसतशी वाळू माझ्या डोळ्यांत आली. मग मोज्यात मोजा घातला. त्यानंतर थैली बेचके सोडून सर्वत्र गेली: छपरावर, कुंपणापलीकडे, शेजाऱ्यांच्या वाळत घातलेल्या चादरीत. शेजारी ती हातात घेऊन आले आणि "दुसरा मोजाही येणार असेल तर थांबतो," असे म्हणाले. अखेर ती बेचक्यातून गेली तेव्हा टाळ्या त्यांनीच वाजवल्या. दोराच्या घर्षणाने सालीखालचा जिवंत थर सोलवटू नये म्हणून फांदीवर आग विझवण्याच्या जुन्या पाइपाचा तुकडाही मी बसवला. झाडाच्या सुरक्षिततेत कोणतीही उणीव राहिली नव्हती.

माझ्या सुरक्षिततेसाठी मी माझ्या वजनाइतकी वाळूची पोती हार्नेसमध्ये बसवून खालच्या फांदीला रात्रभर टांगली. सकाळी पोती जागच्या जागी होती, मात्र दोन टाक्यांच्या मधून बोट जाऊ लागले होते. वाळू खाज सुटली म्हणून वळवळत नाही, करवत चालवत नाही, खाली पाहून घाबरत नाही. तरीही टाके सैलावले होते. म्हणून चढण्याचा सराव मी गुडघाभर उंचीवरच करायचे ठरवले, म्हणजे काही निसटलेच तर कपडे झटकून उठता यावे.

त्यासाठी प्रुसिकची गाठ लागते. ऑस्ट्रियाच्या कार्ल प्रुसिक यांनी ती 1931 साली प्रसिद्धीला आणली. जाड दोराभोवती बारीक दोरीच्या फासाचे तीन वेढे घेतले, की भार पडताच गाठ आवळते आणि भार काढताच वर सरकवता येते. एक गाठ कमरेला, एक पायाला; पायावर उभे राहून कमरेची सरकवायची, कमरेवर बसून पायाची. प्रत्येक खेपेला वीतभर उंची मिळते. कागदावर हे फार सुंदर दिसते. प्रत्यक्षात पायाचा फास पुढे पळतो, धड मागे कलते, आणि मांडीखालचे पट्टे अशा ठिकाणी रुततात की उंचीची भीती आपोआप दुय्यम ठरते.

याच अवस्थेत झाडे छाटण्याचा व्यवसाय करणारे एक गृहस्थ आले. त्यांना बायकोने बोलावले होते, हे मला लटकतानाच कळले. त्यांनी मला उतरवले, हार्नेस उलटसुलट करून पाहिला आणि खिशातल्या चाकूने त्याचे सरळ दोन तुकडे केले. बाद साधन तोडूनच टाकायचे, नाहीतर ते दुसऱ्या कोणाच्या तरी माळ्यावर जाते, असे ते शांतपणे म्हणाले. दोरांचेही तेच केले. मग स्वतःचा दोर, स्वतःचा हार्नेस बांधून ते वर गेले आणि माझा चहा संपायच्या आत फांदी दोराने अलगद खाली आली. पाइपाचा तुकडा त्यांनी जागचा हलवला नाही. निघताना मात्र ते जरा घुटमळले, आणि वाळूच्या मोज्याकडे बोट दाखवून, हा देणार का, असे त्यांनी विचारले.