कल्पना कोण तुमची?

परवा नाशिकच्या सीबीएस बसस्थानकाजवळच्या एका झेरॉक्सच्या दुकानात माझ्या ताज्या कवितेला एका गृहस्थांनी श्रद्धांजली वाहिली. राग अजून उतरलेला नाही.

लिहिणं अडलं की प्रकार बदलावा, हा उपाय तसा खरा आहे. ललित लिहून लिहून हाताला एकच वळण पडतं. दुसऱ्या परिच्छेदात पाऊस येणार किंवा आजी येणार, हे वाचकाच्या आधी आपल्यालाच कळतं. साचा बदलला की ‘काय लिहू’ मागे पडतं, ‘बसवू कसं’ सुरू होतं, आणि त्या नादात चार ओळी होऊन जातात.

पण प्रत्येक प्रकाराची खोड वेगळी. शिरीष पैंनी मराठीत रुजवलेला हायकू सोपा वाटतो: तीन ओळी, मूळ जपानी साच्यात पाच-सात-पाच अक्षरं. एकच वाक्य तीन ठिकाणी मोडलं की मात्र हायकू होत नाही, वाक्याचा हात-पाय मोडतो. गझलेचा काफिया, म्हणजे यमक, मतल्यातच, म्हणजे पहिल्याच शेरात ठरून जातो. नाशिककर हौसेनं तिथे ‘द्राक्ष’ आणि ‘गवाक्ष’ जुळवतो. पुढच्या शेराला ‘रुद्राक्ष’ मिळतं, त्यापुढच्याला ‘कटाक्ष’, आणि गझलेला किमान पाच शेर लागतात हे तेव्हा आठवतं. सुनीताच्या, म्हणजे सॉनेटच्या ओळी १४. त्यात शार्दूलविक्रीडित वृत्त घेतलंत तर दर ओळीला १९ अक्षरं, बाराव्यावर यती, म्हणजे थांबा. माझं म्हणणं नवव्या ओळीत संपलं. उरलेल्या पाचांत नुसतं ‘अहा’ आणि ‘हाय’.

म्हणून मोठा अभंग धरला. चार चरण, अक्षरं सहा-सहा-सहा-चार, यमक दुसऱ्या-तिसऱ्या चरणाला. लघु-गुरूची कटकट नाही, जोडाक्षर एकच मोजायचं. २७ फेब्रुवारीला कुसुमाग्रजांच्या गावात ज्याच्या त्याच्या खिशात कविता असते, आपलीही असावी, एवढाच हेतू.

ती छापून घ्यायला दुकानात गेलो. तिथलं पेजमेकर, म्हणजे पानं मांडायचं जुनं सॉफ्टवेअर, युनिकोड, म्हणजे मोबाइलवरचं मराठी ओळखत नाही. मजकूर श्रीलिपी नावाच्या जुन्या फॉन्टमध्ये उलटवावा लागतो. उलटवताना वेलांट्या उडतात, रफार शेजारच्या अक्षरावर जाऊन बसतो. मुलगा एकेक वेलांटी जागेवर आणत होता आणि पडद्यावर ठळक अक्षरांत झळकत होतं:

शाई वाळलेली / हरवली टोपी / कल्पनासुद्धा झोपी / गेली माझी

मागे सातबाऱ्याची झेरॉक्स काढायला आलेले एक बाबा उभे होते. कपाळाला बुक्का, गळ्यात तुळशीची माळ. त्यांनी वाचलं, डोक्यावरची टोपी काढली.

“कधी झालं हो?”

“काय?”

“कल्पना. कोण तुमची? मंडळी का?”

“अहो, कल्पना म्हणजे… सुचणं.”

“सूनबाई? अरेरे. दशक्रिया रामकुंडावरच ना?”

रांगेतल्या एका ताईंनी चुकचुक केलं. एकानं मला पुढे जागा करून दिली, जी एरवी या दुकानात जिवंत माणसाला मिळत नाही. मी घसा फोडून सांगितलं की कुणीही गेलेलं नाही, हा अभंग आहे.

ही माझी चूक. ‘अभंग’ म्हटल्याबरोबर बाबांनी टोपी पुन्हा चढवली आणि झेरॉक्स मशीनच्या खडखडाटावर ठेका धरून माझ्या ओळी चक्क गायला घेतल्या. तिसऱ्या चरणाला अडखळले. पुन्हा पहिल्यापासून. पुन्हा तिथेच. मग अंगठा पेरांवर फिरला.

“सात भरतात, भाऊ. लंगडतोय.”

“सहाच आहेत.”

“क, ल्प, ना, सु, द्धा, झो, पी. ‘सुद्धा’ काढा, ‘ही’ घाला. कल्पनाही झोपी.”

सहा. चोख सहा. तीन रात्री मी त्याच चरणाशी झटत होतो, बायकोचा चहा थंड करत होतो, आणि वृत्ताच्या पुस्तकातली अख्खी पानं मला पाठ आहेत. बाबांना चरणातल्या अक्षरांची संख्याही विचारायची गरज पडली नाही. जन्मभर भजनात उभं राहिलेल्या माणसाचा कानच मोजतो, हे मान्य. पण म्हणून भर रांगेत?

“पुढचं कडवं?” बाबांनी विचारलं. पुढचं कडवं नव्हतं. ते सातबारा घेऊन निघून गेले.

दुकानातल्या मुलानं ‘सुद्धा’ खोडल्याचे दहा रुपये वेगळे लावले. वर विचारलं, “काका, मधे कल्पनाताईंचा फोटो टाकायचा का?”